भिंतीच्या माथ्यावरचं पाणी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे जुन्या वाड्यांमध्ये पुरावा नष्ट करायचा हंगाम. पाऊस जाऊन जेमतेम महिना झालेला असतो. कडीपाटाच्या खाली, भिंत आणि छप्पर मिळतं तिथं, तपकिरी कडांचे डाग अजून ताजे असतात. कुठं लोणा फुटून रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. रंगारी येतो, पत्रीने ते खरवडतो, वर लांबी भरतो, डिस्टेंपरचे दोन हात मारतो आणि घर सणाला सज्ज होतं. पुढच्या आषाढात डाग त्याच जागी परत येतो, फक्त थोडा थोराड होऊन. मग कुणीतरी सुचवतं की यंदा वॉटरप्रूफ रंग लावून बघू.

डाग खरवडण्याआधी त्याची उलटतपासणी घ्यायला हवी. पाऊस पडत असतानाच तो ओला होत असेल आणि उघडीप मिळाली की सुकत असेल, तर बहुतेक वेळा कौल फुटलेलं किंवा सरकलेलं असतं. ते बदललं की मिटलं. पाऊस थांबून दिवस उलटल्यावर डाग गडद होत असेल, तर पाणी वर कुठंतरी साठून मुरत मुरत खाली आलेलं असतं. आणि रिमझिम पावसात कोरडा राहून फक्त मुसळधार पावसात उमटत असेल, तर वर पाणी भरून ओसंडतंय. या शेवटच्या दोन प्रकारांत संशयित एकच: छपराच्या आत दडलेली पन्हळ.

हल्ली पन्हळ म्हटली की डोळ्यांपुढे येते ती वळचणीला बाहेरून टांगलेली, प्लॅस्टिकची नाहीतर पत्र्याची. ती गळली तर पाणी अंगणात पडतं. फार तर दारातल्या माणसाच्या डोक्यावर पडतं आणि तो लगेच ओरडतो, म्हणून दुरुस्तीही होते. आतल्या पन्हळीचं तसं नाही. ती भिंतीच्या माथ्यावर, दोन छपरांच्या बेचक्यात, कौलांच्या पोटाखाली असते. गळली तर पाणी थेट भिंतीत उतरतं. पुण्याच्या पेठांमधल्या कितीतरी वाड्यांच्या वरच्या मजल्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यात रचलेल्या कच्च्या विटांच्या, भेंड्यांच्या आहेत. पांढऱ्या मातीचा हा भेंडा कोरडा असेपर्यंत दीडशे-दोनशे वर्षं कुरकुर न करता उभा राहतो. भिजला की त्याचा चिखल होतो, आणि गिलावा शाबूत असल्यामुळे तो चिखल झालाय हे बाहेरून कळतही नाही. तुळयांची टोकं याच भिंतीत रोवलेली असतात. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. ती मर्यादा सगळ्यात आधी ओलांडली जाते ती या टोकांना, कारण तिथं वारा नाही आणि भिंत ओल धरून बसलेली.

जुन्या बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असावं. त्यांनी शक्य तिथं पन्हळ टाळलीच. कोकणातल्या घराला बाहेरच्या बाजूला पन्हळ नसते. छप्पर दोन-अडीच हात पुढं काढायचं, पागोळ्या मोकळ्या सोडायच्या आणि त्या जिथं पडतात तिथं खाली चिरे बसवायचे. पाणी भिंतीला शिवतच नाही. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदांना मातीच्या जाड थराला किंचित उतार आणि कठड्यातून बाहेर काढलेलं दगडी किंवा लाकडी तोंड एवढ्यावर भागतं. तिथं पाऊसच तेवढा. पन्हळीची वेळ येते ती पाण्याला बाहेर जायला वाट नसते तिथं. वाड्याच्या चौकाभोवतीची चारही छपरं आत उतरतात आणि चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन छपरं काटकोनात भेटतात. दोघांचं पाणी एका तिरक्या घळीत गोळा होतं. दुसरी जागा म्हणजे सामाईक भिंत. शेजारचा वाडा पाठीला पाठ लावून उभा असतो, त्याचं छप्परही याच भिंतीकडे उतरतं, आणि दोन मालकांचं पाणी एका पन्हळीत येतं. एकदा ही पन्हळ भिंतीवर बसवली की ती त्या घराचं इंद्रिय होऊन जाते. ती काढून दुसरीकडे नेता येत नाही.

या पन्हळीवर किती भार येतो ते पाहायला कागद-पेन्सिल पुरते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. जमिनीवर शंभर चौरस मीटर जागा व्यापणाऱ्या छपरावर तासाला शंभर मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळला, तर तासाभरात दहा हजार लिटर. पाणीटंचाईत सोसायटीत येतो तो मोठा टँकर साधारण तेवढाच. सेकंदाला पावणेतीन लिटरहून जास्त पाणी त्या एका तोंडातून खाली गेलं पाहिजे. सरी सहसा तासभर त्या वेगाने टिकत नाहीत. पण भिंत भिजायला दहा मिनिटंही पुरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच छपरावर तो ९४ हजार लिटरहून अधिक होतो. आणि आपण काय करतो? जुनं, बोटभर जाडीचं ओतीव लोखंडी तोंड गंजलं म्हणून तिथं ७५ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पाइप खुपसतो, कारण प्लंबरच्या पिशवीत तोच होता. पन्हळ कितीही रुंद असो, तिच्यातून जाणारं पाणी तोंडाच्या मापाने ठरतं.

पन्हळ मोडते कशी, याचं उत्तर बहुतेक जण ‘गंजून’ असं देतात. गंज येतो, पण तो शेवटी येतो. सुरुवात उन्हापासून होते. जानेवारीतल्या पहाटेची थंडी आणि एप्रिलच्या दुपारचा तापलेला पत्रा यांत चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकात दहा मीटर लांबीची लोखंडी पन्हळ पावणेपाच मिलिमीटर, तांब्याची सुमारे सात आणि शिशाची साडेअकरा मिलिमीटर लांबते आणि पुन्हा आखडते. तिला हलायला जागा ठेवली असेल तर काही बिघडत नाही. पण कुणीतरी ती सरकू नये म्हणून तळाला खिळे ठोकलेले असतात, किंवा दोन्ही टोकं सिमेंटात गाडलेली असतात. मग ती मधे कुठंतरी सांध्यावर उकलते. केसाएवढी फट. पहिली दोन-तीन वर्षं त्या फटीतून फारसं काही होत नाही, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही.

मग येतं डांबर. माझ्या मते जुन्या छपरांचं जेवढं नुकसान पावसाने केलं नसेल, तेवढं डांबराच्या डब्याने केलंय. ते स्वस्त आहे, कुणालाही लावता येतं आणि पहिल्या पावसाळ्यात खरोखरच गळती थांबते, त्यामुळे लावणाऱ्याची कॉलर ताठ होते. दोन उन्हाळ्यांत ते तडकतं. तडकलेल्या थराच्या खाली पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने बारा महिने तिथंच राहतं. पत्रा वरून काळा कुळकुळीत दिसत असताना खालून चाळण होत जाते. आणखी वाईट म्हणजे डांबर फासलेल्या पत्र्याला नंतर कथलाचा डाक बसत नाही. चकाकेपर्यंत खरवडल्याशिवाय तो डाक घेतच नाही, आणि खरवडायला जावं तर पत्राच हातात येतो. सिमेंटची गोष्ट याहून निराळी नाही. ओल्या सिमेंटचा किंवा चुन्याचा क्षार जस्ताच्या मुलाम्याला खातो, आणि सिमेंट स्वतः ताठ असल्यामुळे पत्र्याबरोबर हलत नाही.

पिंपळाबद्दल वेगळं लिहायला हवं. पारवे पन्हळीत बसतात, त्यांची विष्ठा, पिसं आणि कौलांवरून वाहून आलेली माती यांचा चार बोटं थर साचतो, आणि कावळ्या-साळुंक्यांनी आणलेलं बी त्यात रुजतं. जुलैत दोन लुसलुशीत पानं दिसतात. तेव्हा ते चिमटीत धरून उपटलं तर मुळासकट निघतं. पुढच्या जुलैत निघत नाही. मूळ तोवर चुन्याच्या सांध्यात शिरलेलं असतं. वरून छाटलं की ते दुप्पट जोमाने फुटतं, आणि मूळ जाड होत होत दगड बाजूला सारतं. शिवाय पिंपळ तोडायला गडी तयार होत नाहीत. एका वाड्यात मी पाहिलं, माळ्याने आधी हळद-कुंकू वाहिलं, माफी मागितली, मग रोप मातीच्या ढेकळासह काढून नदीकाठी नेऊन लावलं. ते रोप वर्षाचंच होतं म्हणून हे जमलं. भिंतीत मनगटाएवढं मूळ गेलेलं असेल तर तेवढी भिंत उतरवून पुन्हा रचण्यावाचून दुसरा खात्रीचा इलाज नाही.

कसबा पेठेतल्या एका वाड्यात मे महिन्यात पन्हळीचं काम चालू होतं, ते मी शिडीवर बसून पाहिलं. पत्र्याचं काम करणारे चाचा साठीच्या पुढचे, सोबत नातू. घराच्या आजींनी आदल्याच वर्षी डांबर मारून घेतलं होतं आणि यंदाही तेवढंच करून हवं होतं. चाचा म्हणाले, “आजी, डांबर मी मारीन, पैसेही घेईन. पण श्रावणात तुम्ही मलाच शिव्या द्याल.” मग त्यांनी आधी पन्हळ साफ केली. लोखंडी खुरपं लावलं नाही. नारळाच्या करवंटीने गाळ ओढत आणला. दोन घमेली काळा चिखल, पिसं, एक चपलेचा अंगठा, आणि तोंडात अडकलेला टेनिसचा चेंडू. चेंडू निघाल्यावर आजींच्या निम्म्या तक्रारी तिथंच निकालात निघाल्या असाव्यात, असं मला वाटलं. पण चाचा थांबले नाहीत.

त्यांनी गोणपाटाचा बोळा तोंडात घट्ट बसवला आणि नातवाला टॉर्च देऊन पोटमाळ्यावर पाठवलं. मग खालच्या टोकाकडून सुरुवात करून एकेक बादली पाणी ओतायचं, पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारायची आणि वाट पाहायची. पाणी वर वर चढत जातं. ज्या उंचीला गळती सुरू होते, तिथंच भोक. वरच्या टोकाने पाणी ओतलं तर सगळी पन्हळ भिजते आणि काहीच कळत नाही. तिसऱ्या बादलीला आतून हाक आली. वर पाहिलं तर तिथं गंजाचा डाग नव्हताच. गंजलेली जागा हातभर पुढं होती आणि कोरडी होती. गळत होतं ते डांबराच्या ठिगळाखालच्या एका खिळ्याच्या भोकातून.

दोन्ही अंगांच्या कौलांच्या तीन-तीन ओळी उतरवल्या, जुना पत्रा तुकड्यांनी काढला. खालची फळी एका जागी बोटाने दाबली तर आत जात होती. तेवढा भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा बसवला. फळी मधे दबलेली होती, म्हणून पाणी तिथं उभं राहत होतं. पाण्याची नळी लावून पाणसळ घेतली आणि निमुळत्या पट्ट्या ठोकून शंभराला एक असा उतार काढला. नवा पत्रा २२ गेजचा. दुकानदार आग्रहाने २६ गेजचा देतो, आणि आकडा मोठा म्हणून गिऱ्हाईकाला तोच जाड वाटतो. प्रत्यक्षात उलटं आहे. पत्रा दोन्ही बाजूंना कौलांखाली वीतभर वर चढवला. तळाला एकही खिळा नाही; कडा दाबून धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे पत्रा उन्हात सरकायला मोकळा.

डाक द्यायचं काम पाहण्यासारखं असतं. ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवलेलं असतं. ते सांध्यावर ब्रशने लावायचं. तांब्याच्या टोकाचं अवजार तापवून नवसागराच्या वडीवर घासलं की धूर होतो आणि टोक लख्ख होतं. मग कथलाची कांडी सांध्याच्या तोंडाशी धरायची आणि तापलेलं टोक शांतपणे पुढं न्यायचं. कथील वर थापायचं नसतं. पत्रा आतून पुरेसा तापला की सांधा ते स्वतःच आत ओढून घेतो, पलीकडून चंदेरी रेघ दिसते. घाई केली तर वर सुंदर वळकटी दिसते आणि आत पोकळ राहतं. शेवटी चाचांनी खायच्या सोड्याच्या पाण्याने सगळा सांधा धुतला, कारण उरलेलं ॲसिड वर्षभरात पत्रा खातं. घाईत ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मग पुन्हा बोळा, पुन्हा बादल्या.

तांब्याची पन्हळ का नाही, असं मी विचारलं. तांबट आळी चार पावलांवर होती. तांबं चांगलंच, नीट बसवलं तर पिढ्या काढतं. पण त्याचा निचरा जिथं पडतो तिथं जस्ताचा पत्रा नसावा. तांब्यावरून वाहून आलेलं पाणी जस्त खाऊन टाकतं. वर तांबं आणि खाली पडवीला साधा पत्रा, अशी जोडी जमवली तर पडवीचा पत्रा आधी जातो. आणि तांबं चोरीला जातं, हे चाचांचं दुसरं कारण.

मला सगळ्यात पटलं ते त्यांचं शेवटचं काम. चौकाकडच्या कडेला, पन्हळीच्या काठापेक्षा दोन बोटं खाली त्यांनी पत्र्यात एक खाच ठेवली. तोंड पुन्हा तुंबणार, चेंडू पुन्हा अडकणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. तसं झालं की पाणी भिंतीकडे न चढता या खाचेतून चौकात सांडेल, फरशीवर आवाज करत पडेल, आणि सगळ्या वाड्याला कळेल.

कारागिरी ही त्यातली सोपी बाजू. पन्हळ कुणाची, हा प्रश्न अवघड. सामाईक भिंतीवरच्या पन्हळीवरून दोन घराणी तीन-तीन पिढ्या कोर्टात भांडल्याच्या कथा प्रत्येक पेठेत ऐकायला मिळतात. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यानुसार वीस वर्षं उघडपणे, बिनहरकत, हक्क म्हणून चालत आलेली वहिवाट हक्कात बदलू शकते. त्यामुळे शेजाऱ्याचं पाणी आपल्या पन्हळीत येऊ द्यायला माणूस घाबरतो, आणि पन्हळ साफ केली तर जबाबदारी कबूल केल्यासारखं होईल म्हणून तीही करत नाही.

वाड्यात भाडेकरू असतील तर गुंता आणखी वाढतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. आजच्या १९९९ च्या कायद्यानुसार जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. महिना चाळीस रुपये भाडं असेल तर वर्षाला वळते होतात एकशेवीस रुपये. त्यात चाचांच्या नातवाची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघत नाही. मालकाला चाळीस रुपयांत पत्रा बदलणं परवडत नाही, हेही खरंच. पण परवडत नाही आणि नकोय यांच्यातली सीमा फार पुसट असते. पन्हळ फुटकी राहिली की भिंत भिजते. भिंत भिजली की महापालिका कायद्याच्या कलम २६४ खालची धोकादायक इमारतीची नोटीस येते. नोटीस आली की जागा रिकामी होते, आणि पेठेतल्या रिकाम्या जागेचा भाव सगळ्यांना माहीत आहे. कुणी घण घालून वाडा पाडला तर शेजारी पोलिसांना बोलावतील. पन्हळीतला गाळ न काढणं हा मात्र कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही.

विलायतेतही आतली पन्हळ अशीच घरात घुसली, पण वेगळ्या दाराने. आगीच्या भीतीने १७०७ च्या कायद्याने लंडनमध्ये छपराच्या कडेच्या लाकडी कॉर्निसला बंदी केली आणि भिंत छपराच्या वर चढवायला लावली. आग अडली, छपराचं पाणी कठड्यामागे कोंडलं, आणि शिशाच्या पन्हळी आल्या. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली जुन्या इमारतींच्या जतनाची संस्था आजही तिथं नोव्हेंबरात देखभालीचा सप्ताह पाळते. त्यात लोकांना मुख्यतः पन्हळी साफ करायला सांगतात.

आपल्याकडे असा सप्ताह न सांगता पाळला जायचा. कोकणात मृगाच्या आधी शाकारणी व्हायची. कुंभारी नळे दरवर्षी उतरवून, फुटके बाजूला काढून पुन्हा लावावे लागत, त्यामुळे वर्षातून एकदा माणूस छपरावर चढायचाच आणि कोपऱ्यातली पन्हळ त्याच्या नजरेखालून जायची. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती एकमेकांत अडकणारी कौलं कोकणभर पसरली आणि शाकारणी विरळ झाली. त्याबरोबर पन्हळीकडे बघणंही विरळ झालं. आता एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, जुन्या छापाची मिळत नाहीत, चढणारे गडी मुंबईला गेलेत, आणि वानरांच्या टोळ्या एका दुपारी पन्नास कौलांचा चुरा करतात. मग लोक अख्ख्या घरावर लोखंडी खांबांची पत्र्याची शेड उभारतात. नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. खालचं सागवान त्यामुळे कोरडं राहतं. फक्त शेडचं पाणी चौकात पाडतात तेव्हा हिशेब बघावा. पूर्वी चार बाजूंनी पसरून पडायचं ते पाणी आता एका पाइपातून एका जागी आदळतं, आणि चौकाची मोरी तेवढी मोठी नसते.

देखभालीचं काम वर्षात तीन वेळचं. रोहिणी नक्षत्रात, पाऊस यायच्या आधी, सगळा गाळ काढून बादलीची परीक्षा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, उघडीप बघून, पानं आणि पिंपळाची रोपं. आणि दिवाळीच्या आधी, पोटमाळ्यावर चढून फळ्यांच्या खालच्या अंगाला टॉर्च मारणं. ओल सुकताना पांढरी रेघ ठेवून जाते, ती महिना-दोन महिने वाचता येते. तोंडावर सपाट जाळी लावू नये, एका वडाच्या पानाने ती बंद होते. घुमटासारखी उभी जाळी लावावी. पन्हळीत पाय देऊन चालू नये, आडवी फळी टाकावी. एवढंच, आणि यातलं काहीही महाग नाही.

अडतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मी पाहिलेल्या बहुतेक वाड्यांत छपरावर जायचा मार्ग कुणाच्या तरी खोलीतून आहे. त्या खोलीला कुलूप, भाडेकरू मुलाकडे बंगळुरूला, किल्ली मालकाकडे नाही, आणि मालक-भाडेकरू बोलत नाहीत. चाचांनी आजींकडून मजुरीबरोबर आणखी एक खर्च करवून घेतला: चौकाच्या भिंतीत दोन लोखंडी आकडे आणि त्यांना अडकेल अशा मापाची बांबूची शिडी. शिडी जिन्याखाली ठेवली आहे.